एकटं मेंढरू आणि दोन दारं

मला सरांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी मराठी शिकवायचे म्हणून मी 'मराठीबाई'. गणिताच्या सरांना ते 'गणित' म्हणायचे, रसायनवाल्यांना 'रसायन', आणि आमचे प्राचार्य मुळात भूगोलाचे असल्यामुळं त्यांना चक्क तोंडावर 'भूगोलसाहेब'. प्राचार्यांना ते रुचायचं नाही, पण रुचत नाही हे तोंडावर सांगायची रीत आमच्या स्टाफरूममध्ये नव्हती. सर स्वतः फिजिक्सचे. त्यांना मात्र 'फिजिक्स' असं कुणी म्हटलं नाही. पोरांनी त्यांचं नाव 'दोनदारे सर' पाडलं होतं, आणि ते इतकं रुळलं होतं की ऑफिसात नव्यानं आलेल्या क्लार्कनं ते खरंच आडनाव समजून "या दोनदारे साहेब" असं त्यांचं स्वागत केलं. सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आडनाव म्हणून वाईट न्हाय."

ही इंदापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातली गोष्ट, नव्वद सालानंतरची. मी बारामतीहून सकाळच्या गाडीनं यायचे. काटेवाडीपर्यंत डुलकी लागायची आणि निमगाव केतकी आलं की जाग यायची, कारण तिथं सर चढायचे आणि सर चढले की गाडीत कुणी झोपू शकत नसे. पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला, खिशाला खडूचे डाग. बाजाराच्या दिवशी तर विचारू नका. एकदा शेजारच्या म्हातारीला त्यांनी कामाला लावलं.

"आज्जी, दोन बोटं जवळ आणा. चिकटवू नका, बारीक दार ठेवा मधी. आता डोळ्यापाशी धरा आन् त्यातनं आभाळाकडं बघा. काळ्या रेघा दिसत्यात का?"

म्हातारीनं भाजीची पाटी मांडीवर सावरत बघितलं. "दिसत्यात की रं. पर डोळ्याचा डाक्टर तर म्हनला, डोळं झ्याक हाईत."

"डोळं झ्याकच हाईत. त्या रेघा उजेडाच्या हाईत."

"उजेडाला रेघा? मंग धू की त्येला," म्हातारी म्हणाली, आणि सर इंदापूर येईस्तोवर एकटेच हसत राहिले. मीही नंतर खिडकीकडं तोंड करून, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, बोटं डोळ्याला लावून पाहिली. रेघा होत्या. इतकी वर्षं दोन्ही बोटं माझ्याजवळच होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला जरा रागच आला.

इंदापूरच्या स्टँडवर उतरल्यावर ते डिझेल सांडलेल्या डबक्यापाशी थांबायचे आणि त्यातले रंग बघायचे. कुणीतरी स्टँड स्वच्छ धुऊन घेतला तेव्हा आठवडाभर त्यांचा मूड गेला होता. दिवाळीत सूर्यग्रहण झालं त्या सकाळी अख्खं गाव दारं लावून बसलं, आणि हे पानमळ्याच्या सावलीत शेजारपाजाऱ्यांना हाका मारत होते. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल कवडसे त्या दिवशी चंद्रकोरीसारखे झाले होते म्हणे. बघायला एक शेळी आणि काकू एवढीच मंडळी आली. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या बाहेर आल्या, कवडसे बघितले, "तुमचंच बरोबर," म्हणाल्या आणि भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

हे 'तुमचंच बरोबर' सरांचं जुनं दुखणं होतं, पण ते कळायला आधी दोन दारांचं सांगायला हवं.

आमच्याकडं उसाला पाणी देण्याला 'दारं धरणं' म्हणतात. पाटाचा मातीचा बांध जिथं फोडून सरीत पाणी सोडायचं, ते दार. आता बारावीच्या फिजिक्समध्ये एक प्रयोग असतो. दोन बारीक फटींतून प्रकाश सोडायचा आणि पलीकडं पडद्यावर बघायचं. तिथं उजेडाचे दोन ठिपके पडत नाहीत. उजेड, अंधार, पुन्हा उजेड, पुन्हा अंधार असे पट्टे पडतात, जशा पाण्याच्या दोन लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे. सर फटी म्हणायचे नाहीत. दोन दारं म्हणायचे. म्हणून दोनदारे.

पुस्तक एका धड्यात म्हणतं, प्रकाश लाटेसारखा वागतो. पुढच्या धड्यात म्हणतं, तोच प्रकाश दाण्यांसारखा सुटा सुटा येऊन आपटतो. आणि मग हात झटकून म्हणतं, दोन्ही खरं. मी मराठीची बाई, मला असल्या गोष्टी चालून जातात. कवितेत याहून वाईट चालतं. पण सरांच्या घशाखाली ते 'दोन्ही खरं' उतरत नव्हतं.

"लाट म्हणून येगळं काय नसतंयच, मराठीबाई," ते म्हणायचे. "दाणेच असत्यात. पर गर्दी झाली की गर्दीची लाट होती. मेंढरं बघा. चालताना कळप चालतोय, वळणावर पाण्यावानी वळतोय. खाताना मात्र एकेक मेंढरू आपल्या तोंडानं आपला पाला खातंय. बास. उजेडाचं ह्येच हाय. चालतोय कळपानं, खातोय एकेकटा."

मेंढरं त्यांच्या घरचीच होती. वडील मेंढका, पाऊस सरला की कळप घेऊन गावोगाव फिरणारे. पाट आला, ऊस आला, तशी घरची माणसं शेतीला लागली, मुलगा शिकून मास्तर झाला. लहानपणी काटेवाडीच्या शिवारात कुणाच्या तरी मोकळ्या रानात खतासाठी कळप बसवला होता. रानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कुंपणाला शेजारी शेजारी दोन दारं. संध्याकाळी दोन्ही दारांतून मेंढरं आत घुसली, पलीकडं दोन्हीकडची एकमेकांवर लोटली, रेटारेटी झाली. सकाळी लहानग्या सरांनी बघितलं तर लेंड्या सगळीकडं सारख्या पडल्या नव्हत्या. दाट, मग मोकळं, मग पुन्हा दाट. पुढं बारामतीला कॉलेजात अंधाऱ्या खोलीत त्यांनी प्रकाशाचे ते पट्टे पहिल्यांदा बघितले आणि सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं म्हणाले, "आयला, ह्या तर लेंड्या!" प्राध्यापकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांचं मत असं होतं की त्यांच्या संशोधनाची सुरुवात त्या दिवशी व्हरांड्यात झाली.

वर्गात ते आधी पुस्तकातलं शिकवायचे, शुद्ध भाषेत, एका दमात. "हे मार्कांसाठी." मग खडू हातावर झटकायचे आणि गावच्या बोलीत शिरायचे. "आता ह्ये आपल्यासाठी." पोरांना दुसरा भाग जास्त आवडायचा यात नवल नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं कळप रंगवला होता, मधे कुंपण, दोन दारं आणि पलीकडं पट्टे. चित्रकला बेताची होती. मेंढरं बटाट्यांसारखी दिसायची.

तर ते दुखणं. सरांना आपलं म्हणणं कुणी मान्य करावं असं फारसं वाटतच नव्हतं. त्यांना हवं होतं ते निराळंच. जो भेटेल त्याला सगळं समजावून झालं की ते पुढं झुकायचे आणि विचारायचे, "कुठं चुकलंय, तेवढं सांगा." आणि हे कुणी सांगत नव्हतं. गणित म्हणायचे, "वा, सुरेख." रसायन म्हणायचे, "तुम्ही हे इंग्रजीत लिहा." बाकीचे पाठीमागं मेंढराचा आवाज काढायचे. माझी मतं त्यांनी सुरुवातीलाच बाद केली होती. मी एकदा धीर करून "हे काही पटत नाही" म्हटलं तर म्हणाले, "का पटत न्हाय ते सांगा, मंग धरतो." मला ते काही सांगता येईना. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलेली नाही. "चांगलं म्हननारं लई हाईत. हसनारं बी लई हाईत. पर बरोबर बसून माझी चूक काढावी येवढं मला कुनी मानलंच न्हाय, बाई."

ते हसत हसतच बोलले. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मी त्यांना गंमतच समजत होते.

मग ते प्रिलिमचं प्रकरण झालं. आमचे पेपर तपासायला दुसऱ्या कॉलेजात पाठवले होते. आमच्या एका मुलानं पुस्तकातलं उत्तर लिहायचं सोडून 'आपल्यासाठी'वालं लिहिलं, आकृतीत मेंढरंसुद्धा काढली. तिकडच्या सरांनी लाल शाईत 'येथे मेंढ्यांचा संबंध काय?' असं विचारून शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील कॉलेजात. बागायतदार माणूस, आवाज बागायतीच. प्राचार्यांच्या केबिनचं दार उघडंच होतं आणि आम्ही सगळे व्हरांड्यात काहीतरी काम असल्यासारखे उभे.

"माझ्या पोराला विंजनेर करायचाय, मेंढका न्हाय करायचा," ते गरजले.

मला त्या माणसाचा असा संताप आला की हातातला पेन मी वाकवलाच. सर मात्र शांत. "मेंढरू ऱ्हाऊ द्या बाजूला, अण्णा," ते म्हणाले. "त्याचं उत्तर कुठं चुकलंय, तेवढं सांगा."

अण्णांना ते सांगता येण्यासारखं नव्हतं. ते जास्तच गरजले. ते गेल्यावर प्राचार्यांनी चष्मा पुसला आणि सांगून टाकलं की पुढच्या वर्षीपासून बारावीचे प्रकाशाचे धडे दुसऱ्याकडं जातील, सरांनी अकरावीचं बघावं. सरांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. रखडलेल्या बढतीसाठी, घरभाड्यासाठी, कशासाठीच कधी तोंड न उघडलेला तो माणूस हात जोडून उभा राहिला.

"बाकीचं समदं काढा, भूगोलसाहेब. वीज काढा, चुंबक काढा. उजेड तेवढा काढू नका."

प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी त्यांच्या परीनं एक वाट काढली. लवकरच आमच्याकडं तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं आणि उद्घाटनाला पुण्याहून फिजिक्सच्या एक मोठ्या बाई येणार होत्या, प्रकाशावरच आयुष्य घालवलेल्या. ठरलं असं की सरांनी आपलं म्हणणं त्यांच्यापुढं मांडायचं. त्या बरोबर म्हणाल्या तर धडे सरांकडं. चूक म्हणाल्या तर धडे गेले, आणि मग रडायचं नाही. सर लगेच कबूल झाले. प्राचार्यांनी नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. मराठीच्या बाईला सूत्रसंचालन सुटत नाही, त्यामुळं पाहुण्यांची सरबराई माझ्याकडंच होती. "त्यांना आधीच जरा सुचवून ठेवा," ते म्हणाले. "शाल घालू, नारळ देऊ. त्यांनी 'छान प्रयत्न' एवढंच म्हणायचं. मास्तरचा धडा वाचेल, अण्णांचंही तोंड बंद होईल."

मी ते काम मनापासून केलं. चहा देताना पाहुण्यांना सगळी हकिगत सांगितली, अगदी अण्णांच्या आवाजासकट. आखूड कापलेले पांढरे केस, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, "गोड बोलायला मला कशाला बोलावलंत? ते तर इंदापुरातही करता आलं असतं."

मी गडबडीत साखरेचं भांडं त्यांच्यापुढं सरकवलं.

सरांनी मैदानात काय मांडून ठेवलंय हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. आम्ही समजत होतो तक्ते असतील. तर मैदानाच्या मधोमध बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, कुंपणाला दोन दारं आणि पलीकडं खेळाचं मैदान आखायची सगळी फक्की जमिनीवर पांढरीशुभ्र पसरलेली. अलीकडं सरांचा चुलत भाऊ, खांद्यावर घोंगडं, आणि त्याच्यापुढं खरीखुरी मेंढरं. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. खुर्च्यांवर पंचायत समितीची माणसं, पालक, पहिल्या रांगेत अण्णा.

मेंढरांची खोड अशी की एक जिथून जाईल तिथून सगळी जाणार. सर ते ओळखून होते. त्यांनी दोन शेळ्या म्होरक्या म्हणून आणल्या होत्या, एकेका दारासाठी एकेक. भावानं शीळ घातली आणि सगळा कळप दोन्ही दारांनी उसळून पलीकडं गेला. धक्काबुक्की, धूळ, बें बें. मेंढरं बाजूला काढल्यावर बघितलं तर फक्कीवर खरोखर तुडवलेले आणि न तुडवलेले असे ओबडधोबड पट्टे उमटले होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. माइक माझ्याकडंच होता, त्यामुळं त्या टाळ्या सगळ्यात मोठ्या ऐकू गेल्या.

सर पाहुण्यांकडं वळले. प्राचार्य शाल घेऊन पुढं सरकले होते. त्यांनी सरांना डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर काम झालं होतं. सर पुढं झुकले.

"कुठं चुकलंय, तेवढं सांगा, म्याडम."

पाहुण्या उठल्या, पट्ट्यांपाशी गेल्या, खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फक्की पुन्हा सारखी करा. आता एकच मेंढरू सोडा."

"येकच?"

"एक सोडा. ते लांब गेलं की दुसरं. मग तिसरं. एकाची दुसऱ्याशी गाठ पडू द्यायची नाही."

भावानं सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. पहिलं मेंढरू डाव्या दारानं सरळ पलीकडच्या चाऱ्याकडं गेलं. दुसरं उजव्या दारानं, तेही सरळ. मग आणखी, मग आणखी. मंडळी कंटाळली, पंचायत समितीवाले चहाला गेले. अखेरीस फक्कीवर दोनच पायवाटा उमटल्या होत्या, एकेका दारासमोर एकेक. पट्टे नव्हते.

"हे बघा," पाहुण्या म्हणाल्या. "तुमचं म्हणणं, गर्दी झाली की लाट. गर्दी काढून घेतली की पट्टे जायला पाहिजेत. मेंढरांचे गेले. प्रकाशाचे जात नाहीत. आम्ही प्रकाश इतका मंद करून पाहिलाय की आत एका वेळी एकच कण. पुढचा पोचलेला असतो, मागचा निघालेला नसतो. फिल्मवर एक ठिपका पडतो, मग कुठंतरी दुसरा. ठिपके साठू द्यायचे. शेवटी पट्टेच उमटतात. इथं चुकलंय तुमचं."

अण्णा खुर्चीत सावरून बसले. प्राचार्यांनी शालीची हळूच पुन्हा घडी केली. मी माइक बंद केला. सरांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, संपला माणूस.

"येकेकटं?" सर म्हणाले.

"एकेकटं."

"कुनाचा धक्का न लागता?"

"धक्का लागायला दुसरं असतंच कुठं?"

"आन् येक दार लावून घेतलं तर?"

"तर पट्टे जातात."

सर झटकन खाली बसले, त्या फक्कीतच. "मंग त्या एकट्या मेंढराला कसं ठावं, की दुसरं दार उघडं हाय का लावल्यालं?"

पाहुण्या त्यांच्यासमोर खाली बसल्या. साडीला पांढरं लागत होतं त्याचं त्यांना भान नव्हतं. "ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "गणित येतं. पण तुम्ही विचारताय ते मलाही नीट सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे, ते कुठल्या दारानं गेलं हे बघायची सोय केली की पट्टे मोडतात."

"म्हंजी पाटकऱ्यावानी," सर म्हणाले. "पाटकरी बांधावर बघत बसला की पाणी गुमान येकाच दारानं जातंय."

मागं बसलेले पालक खदाखदा हसले. ज्यांनी ज्यांनी पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या पाटकऱ्याची पाठ वळल्यावर दुसरं दार फोडलं होतं त्यांना प्रकाशाचं हे वागणं लगेच कळलं. अण्णासुद्धा हसले, म्हणजे त्यांनीही फोडलं असणार. जेवणाची वेळ टळून गेली, पुरणपोळ्या गार झाल्या, आणि ती दोघं मैदानात बसून बोलत राहिली. सर एकेक शंका काढत होते आणि बाई एकेक खोडत होत्या. प्रत्येक खोडलेल्या शंकेला सर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बराबर. ह्ये बी गेलं." मी इतका आनंदानं हरणारा माणूस पुन्हा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेज भरायच्या आधीच प्राचार्यांच्या दारात उभे होते. "धडं घ्या, साहेब. ठरल्यापरमानं." आवाज मात्र बसलेला. प्राचार्यांनी पुन्हा चष्मा पुसला. ते म्हणाले, "पाहुण्या गाडीत बसताना मला एवढंच बोलल्या की ह्या माणसाकडचा हा धडा काढलात तर मी पुन्हा तुमच्या कॉलेजात पाऊल टाकायची नाही. आता एवढ्या मोठ्या बाईंशी मी कशाला वाकडं घेऊ? जा, तास सुरू होईल. आणि मला भूगोलसाहेब म्हणू नका."

"बरं, भूगोलसाहेब," सर म्हणाले आणि गेले.

मी त्यांच्या मागून प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी गेले, खोटं कशाला बोलू. त्यांनी भिंतीवरच्या बटाटा-मेंढरांवर आडवी रेघ ओढली आणि पोरांना सांगितलं, "बसा. माझं चुकलं असं काल कळलं. पुण्यास्नं मानूस आलं हुतं ते सांगायला." ज्या थाटात दुसरा कुणी पुरस्काराचं सांगेल त्या थाटात सांगितलं. मग एक एकटं मेंढरू काढलं, पुढं दोन दारं काढली. "आता ह्ये कसं जातंय ते मला ठावं न्हाय. तुमाला कधी कळलं तर मला सांगायचं. मी रिटायर झालो तरी घरी यून सांगायचं."

रिटायर ते दोन-तीन वर्षांतच झाले. बारामतीला मला घराजवळ नोकरी मिळाली आणि इंदापूर सुटलं. दशक संपायच्या सुमारास एका लग्नासाठी निमगावात गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या वस्तीवर गेले. काकूंनी ओसरीवरच गाठून सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन करू दिलं, ते बिघडलं. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत, कारण त्या डोळ्यानं दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. "डाक्टरला म्हनलं, ती कडी माझी हाईत, ती काढू नगा. आता काय बोलावं? मी म्हनलं, तुमचंच बरोबर."

सर मागच्या बाजूला होते. तिथं कुंपण, कुंपणाला दोन दारं आणि अलीकडं एक मेंढरू, गळ्यात घंटी. एकच. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "या, मराठीबाई. पाठ फिरवून हुबं ऱ्हावा. बघायचं न्हाय. बघितलं की बिघडतंय."

मी त्यांच्याशेजारी कुंपणाकडं पाठ करून उभी राहिले. त्यांनी दोरी सोडली. घंटी किणकिणत आमच्या मागून गेली, जराशी थबकली आणि पलीकडं पोचली. मला तिरक्या नजरेनं बघायचा मोह झाला. मग लक्षात आलं, सरांनी वळून बघितलं असतं तरी त्यांना आता दारं काही दिसली नसती.

"कुठल्या दारानं गेलं, सर?"

"ते इचारायचं न्हाय," ते खुशीत म्हणाले. मग सवयीनं पुढं झुकले. डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते. "रोज सोडतोय. कुठं चुकतंय का माझं?"

'छान आहे, सर' असं माझ्या ओठांवर आलंच होतं. आजारी म्हातारा माणूस, त्याला काय दुखवायचं. पण मला ती जुनी स्टाफरूम आठवली.

"चुकतंय," मी म्हटलं. "आपण बघत नाही, सर, पण मेंढरू बघतंय ना. त्याला दोन्ही दारं दिसतात. कुठल्या दारानं गेलो हे त्याचं त्याला ठाऊक आहे. मग हे न बघता कसं झालं?"

सरांचे ओठ हलत होते, बोटं हवेत दोन दारं काढत होती. मी घाबरले. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की मेंढरू पलीकडं दचकलं, आणि ते घराकडं तोंड करून ओरडले, "अगं ए, च्या टाक! आन् आल्याचा टाक! मराठीबाईंनी माझी चूक काढली!"